तीन रंगांच्या खुंट्या

आमच्या वळ गावातली काकांची पडीक जमीन गोदामाला जाऊ नये, एवढाच माझा हट्ट होता. आजूबाजूची शेतं एकेक करून पत्र्याखाली गेली होती आणि गोदामांविरुद्धची माझी पत्रकं लोक भजी बांधायला वापरत होते. काका म्हणाले, "काहीतरी करून दाखव, मग बोल."

मित्राने दुबईहून डिस्क गोल्फच्या चकत्या आणल्या होत्या. चकती फेकायची, कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत पाडायची, बस. पॉवरलूमच्या भंगारातल्या कड्यांना सायकलच्या चेन टांगून आम्ही सहा टोपल्या केल्या आणि रस्त्याच्या कडेने रांगेत उभ्या केल्या. खरा घाम आखणीत गेला. एकच अंतर ठेवलं तर दांडगे तेवढे खेळणार, बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या? म्हणून प्रत्येक टोपलीसाठी, चकती कुठून फेकायची ते दाखवणाऱ्या तीन खुंट्या: नवख्यांना जवळची पांढरी, समोर मोकळं; सरावलेल्यांना निळी, आंबा आडवा येईल अशी; तयार गड्यांना लाल, पार मधल्या बांधापलीकडून. काकूची पांढरी खुंटी तर मी चार वेळा सरकवली. शेवटी साखळी खणखणली, तेव्हा ती ओरडली, "तुज्या काकाला बोलव! बघू दे म्हणावं!"

मग एकेका रंगाच्या खुंट्या जोडून चुन्याच्या रेघा मारल्या. अक्कल गहाण पडली ती इथे. आमच्या भागात खुंटी आणि चुना म्हणजे जमिनीची मापणी, दुसरा अर्थच नाही. आणि सातबाऱ्यावर काकांसोबत त्यांच्या दोन चुलतभावांची नावं होती. त्यांना मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघे हजर. "गुपचूप वाटणी उरकलीस व्हय?"

"खेळ आहे हो हा," मी म्हणालो.

"खेळाला तीन रंग? तिघांचे तीन हिस्से! रस्त्याजवलचा पांढरा तुमचा, आमाला बांधापलीकडचा लाल? आमी काय आंधले हाव?"

मी चकती हातात घेऊन नवखा, सरावलेला, तयार असं समजावत राहिलो. त्यांनी खुंट्या उपटल्या. काका एवढंच म्हणाले, "वाटणी पायजे ना? घ्या."

वाटणीच्या तीन चिंचोळ्या पट्ट्या एकेकट्या कुणाच्याच कामाच्या नव्हत्या. तिघांनी मिळून त्या गोदामवाल्याला विकल्या.

गोदामवाल्याची खरी मापणी झाली त्या दिवशी काकू चकती घेऊन आली. "माजी खुंटी कुठं होती रं?"

आंबा तोडलेला. सगळी जमीन सारखीच दिसत होती. मी अंदाजाने बोट दाखवलं. ती तिथे जाऊन उभी राहिली, टोपली शोधत.