हात मोडला तिकडे, खटला इकडे

आमच्या बंजारा तांड्यातून शिकून वकील झालेली मी एकटीच, त्यामुळे फुलसावंगीकडचं कोणाचंही लचांड शेवटी माझ्या गळ्यात येतं. हेही आलं. चुलत बहिणीच्या नवऱ्यानं तिचा हात मोडला, तोही आखातात. ती कशीबशी माहेरी परतली. तिला एवढंच हवं होतं, की त्याच्यावर खटला चालावा आणि त्याच्या घरात पुन्हा पाऊल टाकावं लागू नये.

तिकडच्या पोलिसांनी कळवलं, गुन्हा इथं घडला, इथं येऊन जबाब द्या. जाणार कशी? तिचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर, आणि तो त्यानं केव्हाच रद्द करून टाकलेला. आपला कायदा म्हणतो, भारतीय माणसानं परदेशात गुन्हा केला तरी तो जिथं सापडेल तिथं त्याच्यावर खटला भरता येतो. वाचायला किती बरं वाटतं! नवरा स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला गावी आला तेव्हा आम्ही तक्रार दिली. दोषारोपपत्रही गेलं. पण पुढं खटला चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि ती काही येईना. तारखा घेऊन घेऊन माझ्या तोंडाला फेस आला. हा जामिनावर मोकळा, बाजारात मला हसून नमस्कार करायचा. वाटायचं, एक ठेवून द्यावी.

शेवटी मोठे काका म्हणाले, आता मीच बसवतो पंचायत. काका तांड्याचे नाईक, भांडणतंटे तेच मिटवतात. दिल्लीच्या परवानगीचं ऐकून त्यांना हसूच आलं. म्हणाले, आपले बापजादे बैलांवर मीठ लादून मुलुखभर फिरायचे, माणूस कुठं चुकला हे तेव्हा कोण विचारत होतं? आपला माणूस कुठंही गेला तरी जाब तांड्यालाच देणार. खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी फार थकले होते.

मंदिरासमोरच्या ओट्यावर सगळे बसले. चहा यायच्या आत निकाल लागला. नवऱ्यानं सगळं कबूल केलं, काकांचे पाय धरले, दंडही मान्य केला. काका समाधानानं तिला म्हणाले, झालं पोरी, आता सामान बांध.

ती जागची हलली नाही. वाकड्या हातानं पदर सावरला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, कोर्टाची पुढची तारीख कधी हाय?"

मला वाटलं, कसली तारीख आणि कसलं काय!

"तुझं कोर्ट मले काहीच देऊन नाही राह्यलं," ती म्हणाली. "पण नांदाले जा, असं तरी म्हणत नाही."