शिवून टाकलेल्या बाह्या

लॉन्ड्रीत तिला सगळे इस्त्रीवाली ताई म्हणत. अकरा वर्षं ती त्याच टेबलाशी उभी होती. संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांत गोळे यायचे, पण तिथल्या कामाबद्दल तिची तक्रार नव्हती. सुरकुती एकदा गेली की कुणीतरी कपडा अंगात घालेपर्यंत तरी गेलेली असायची. घरी तसं नव्हतं.

मुलगी चार वर्षांची. चालायला लागली तशी ती स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणू लागले. पाहुणे आले की "फिर गं भिंगरी" म्हणायचे आणि टाळ्या वाजवायचे. पुढे लक्षात आलं, की हाक मारली तरी ती वळत नाही, शब्द फुटत नाहीत, आणि बोटं डोळ्यांसमोर धरून तासन्‌तास फडफडवत बसते. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला, एक कागद हातात ठेवला आणि पुढच्याला आत बोलावलं.

नवरा औषधांच्या खोक्यांची गाडी चालवायचा, तो उजाडताच जायचा. दिवसभर नात सासूबाईंच्या ताब्यात. त्या मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांचं मत पक्कं होतं.

"अगं, चार पोरं वाढवलीत मी. सवय लहान आहे तोवरच मोडते. हात धरून ठेव तिचे."

ताईने धरले. बसमध्ये धरले, दवाखान्याच्या बाकावर धरले, नणंदेच्या घरी जेवताना एका हाताने धरून दुसऱ्या हाताने जेवली. सोडले की फडफड पुन्हा सुरू. शेवटी एका रविवारी तिने लांब बाह्यांचे दोन फ्रॉक घेतले आणि बाह्यांची तोंडं सुईदोऱ्याने शिवून टाकली.

"फक्त बाहेर जाताना," ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने फ्रॉककडे पाहिलं. चहा अर्धा टाकून उठला.

पहिल्या दिवशी मुलीने बाहीचं टोक तोंडात धरून ओलं होईस्तोवर चावलं. तिसऱ्या दिवशी, फ्रॉक अंगात असतानाच, ती भिंतीपाशी गेली आणि कपाळ आपटलं. थांबली. पुन्हा आपटलं. रडणं नाही, ओरडणं नाही; खिळा ठोकावा तसं सावकाश. ताईने फ्रॉक काढला, पण आपटणं काही गेलं नाही. आठवड्याभरात कपाळावर निळं टेंगूळ आलं. सासूबाई बर्फ घेऊन धावल्या. "मीच सांगितलं होतं ना तुला, हात धर म्हणून," एवढंच म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत.

डॉक्टरांच्या कागदावर नाव होतं त्या थेरपिस्ट बाईंकडे दोन महिन्यांनी नंबर लागला. वयाने ताईपेक्षा लहानच. टेंगूळ पाहून त्यांनी विचारलं, तेव्हा ताईने आधी नुसतं "आपटते" म्हणून सांगितलं. मग मान खाली घालून बाह्यांचंही सांगितलं. आता ही आपल्याला धुऊन काढणार, असं तिला वाटलं.

बाईंनी विचारलं, "ती हात हलवते त्याचा त्रास कुणाला होतो, ताई?"

"लोक बघतात हो."

"म्हणजे लोकांना होतो. तिला?"

ताईने जरा विचार केला. "तिला नाही. उलट जरा शांत होते."

"मग हात सोडा तिचे. ती हातांनी स्वतःला सावरत होती. ते बंद झालं, म्हणून डोकं आपटायला लागली. आपण फक्त आपटणं थांबवायचं. त्यासाठी ते कधी होतं, हे आधी कळायला हवं. एक वही करा, त्यात लिहीत जा."

वही सासूबाईंनी मागून घेतली. "दिवसभर मीच असते ना तिच्यापाशी?" चष्मा नाकावर ओढून त्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहायच्या: सकाळी, मिक्सर, तीन वेळा. दुपारी, वरच्या घरात ड्रिल, पाच वेळा. कपडे घालताना घाई केली, दोन वेळा. शेवटची नोंद करताना पेन जरा अडखळलं असावं, कारण घाई करणाऱ्या त्याच होत्या.

दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. मग मिक्सर बाथरूममध्ये गेला. तो लावण्याआधी मुलीला त्याचं झाकण दाखवायचं, म्हणजे आवाज येणार हे तिला कळेल. कपड्यांना दहा मिनिटं जास्त द्यायची. तरीही आपटायला लागलीच, तर न ओरडता मध्ये उशी धरायची आणि दोन्ही तळव्यांनी खांदे दाबत राहायचं. सांगायला सोपं. रोज दहा मिनिटं लवकर उठायचं म्हणजे झोपेतली दहा मिनिटं गेली. कधी उशी वेळेवर पोचायची नाही. कधी ताईच ओरडायची आणि मग भिंतीला टेकून मटकन खाली बसायची.

"अजून किती दिवस हे?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"मला काय विचारता? मी काय तारीख काढून बसलेय?"

दुसऱ्या दिवशी तो गाडीत खोक्यांखाली घालायचा जाड फोम घेऊन आला आणि त्याने तो भिंतीला, मुलीच्या कपाळाच्या उंचीवर, डकवला.

एकदा सासूबाईंचा गुडघा सुजला, म्हणून ताईला मुलीला लॉन्ड्रीत न्यावं लागलं. मालक कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत. मुलगी ड्रायरच्या काचेसमोर उभी राहिली. आत चादरी गोल फिरत होत्या. ती टाचा उचलून उड्या मारू लागली, दोन्ही हात जोरजोरात फडफडवू लागली. कोट न्यायला आलेले एक गृहस्थ मागे सरकले.

"हिला काय होतंय? आवरा की हिला!"

एरवी ताईने तीनदा माफी मागितली असती, धावत जाऊन हात धरले असते. पण ती सकाळपासून उभी होती, समोर कपड्यांचा ढीग होता, आणि माफी मागायलाही अंगात त्राण लागतं. मान वर न करता ती म्हणाली, "काही होत नाहीये. खुश आहे ती. तुमचा कोट तिकडे, डावीकडे."

गृहस्थांनी कोट घेतला आणि निघून गेले. मालकांनी ताईकडे पाहिलं, मग ते पावत्या लावत बसले. एवढंच झालं. ताईच्या आत मात्र काहीतरी सैल झालं. पोरीला खुश म्हणताना आपण खोटं बोललो नाही, हे तिला शर्टाची कॉलर उलटवताना जाणवलं.

वर्ष सरता सरता आपटणं दिवसाला दहा-बारा वेळांवरून आठवड्याला एक-दोनवर आलं. फडफड होती तेवढीच राहिली. शब्द अजून फुटला नव्हता. एका लहानशा बालवाडीने रोज दोन तास घेऊन बघायची तयारी दाखवली. त्यांच्या अर्जात रकाना होता: मुलाच्या वाईट सवयी.

"काय लिहू?" ताईने विचारलं.

"काही लिहू नको, घेणार नाहीत," नवरा म्हणाला.

"लिही," सासूबाई म्हणाल्या. "नाही लिहिलंस तर हात धरून बसवतील पोरीला."

ताईने 'वाईट' हा शब्द खोडला आणि लिहिलं: हात हलवते, हलवू द्यावेत. मोठा आवाज होणार असेल तर आधी दाखवावं. घाई करू नये.

पहिल्या दिवशी मुलगी मागे न बघता आत गेली. ताईने लॉन्ड्रीतून दोन तासांची सुट्टी घेतली होती. बोलावलंच तर जवळ असावं म्हणून. ती दाराशी कान देऊन उभी राहिली. आतून रडण्याचा आवाज आला, पण तो दुसऱ्याच कुणाच्या तरी पोराचा होता. मग ती व्हरांड्यातल्या बाकावर टेकली, चपला काढल्या आणि पाय लांब केले.

बालवाडीच्या बाई तिला जागं करायला आल्या, तेव्हा दोन तास होऊन वर दहा मिनिटं झाली होती.