दोरीवरचं जाळं

धक्क्यावर त्याला सगळे भडक्या म्हणायचे, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. तेल सांडलं की लाथ, दोर गुंतला की थप्पड, आणि यातला बराचसा प्रसाद धाकट्या भावाला. आईबाप गेल्यावर भडक्यानेच त्याला वाढवलं होतं. मारायचा हक्क आपल्याला त्यातूनच मिळाला, असं तो खुशाल समजायचा.

बॅटरी भरलेली राहावी म्हणून त्याने बोटीच्या केबिनवर सोलर पॅनल बसवून घेतलं. तरी इंजिन पहाटे नुसतं कण्हायचं. एकदा तर ते खडकांजवळ बंद पडलं, पुन्हा सुरूच होईना, आणि लाटांनी बोट आपटून एक फळी फोडली. कशीबशी बोट धक्क्याला लागली, तसा भडक्याचा पारा चढला.

"रात्रभर मोबाइल लावतोस ना बॅटरीला?"

"नाही रे दादा, आईशप्पथ! मी तुला म्हटलं होतं ना, ते जाळं..."

"मला शिकवतोस?"

हातात वल्हं होतं, तेच त्याने हाणलं. डोकं वाचवायला धाकट्याने हात वर केला आणि हाड कडकन मोडलं.

प्लास्टर घालून धाकटा मावशीकडे गेला, तो परतलाच नाही. बॅटरी मात्र तशीच मेलेली. मग भडक्याने सोलरवाल्याची कॉलर धरून त्याला केबिनवर आपटलं.

"सोड आधी!" ओठाचं रक्त पुसत सोलरवाला ओरडला. "वर बघ, गाढवा! पॅनलवर सावली कसली?"

वर दोरीवर जाळं वाळत होतं. बोट धक्क्याला लागली की भडक्या स्वतःच ते तिथे टाकायचा आणि दिवसभर काढायचा नाही.

"सावलीत कसली बॅटरी भरतेय? कोणी सांगितलं नाही तुला?"

सांगितलं होतं. धाकट्यानेच. आणि त्याबद्दल थप्पड खाल्ली होती.

भडक्याने सुरी काढून दोरी कापली. तेवढ्याने भागेना, म्हणून जाळंही टराटरा फाडलं. दुसऱ्या पहाटे बटण दाबताच इंजिन धडधडलं. त्याला आनंद झाला आणि लाजेने मेल्याहून मेल्यासारखंही झालं. तो तसाच मावशीकडे धावत सुटला.

"सुरू झालं रे इंजिन! तुझंच खरं होतं. चल घरी," म्हणत त्याने भावाच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला.

धाकट्याने प्लास्टरचा हात झटकन डोक्यावर घेतला आणि डोळे गच्च मिटले.