बांधाखालून गेलेला बांबू

बांबू मला कळतो, असा माझा समज होता. भुईगावच्या आमच्या वाडीत केळीला टेकू द्यायला घरचाच माणगा बांबू असे. तो बेट करून एका जागी राहतो. वडिलांनी लावलेले बेट मी साठी उलटल्यावरही जवळजवळ त्याच जागी पाहिले आहे. त्यामुळे नर्सरीवाला जेव्हा म्हणाला, "काका, हा पिवळा बांबू जमिनीखालून पळतो बरं का," तेव्हा मी ते कानाआड केले. काल नर्सरी काढलेल्या माणसाने मला बांबू शिकवावा, हे मला रुचले नाही.

बांबू लावण्याचे कारण सांगतो. वाटण्या झाल्यावर धाकट्या भावाने आपल्या हिश्शातल्या केळी काढल्या आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथे खोल्या बांधल्या. मला न विचारता बांधल्या. विचारण्याचे त्याच्यावर बंधन नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरी मी त्याच्याशी बोलणे सोडले. ओट्यावर बसले की त्या खोल्या समोर दिसत. त्या दिसू नयेत एवढ्यासाठी मी बांधाच्या अलीकडे बांबूची रांग लावायचे ठरवले.

"सरळ भिंत घाला ना," पत्नी म्हणाली.

"भिंतीचा पाया बांधात जातो."

"मग भाऊजींना विचारा."

मी विचारले नाही. आमच्याकडे रीत आहे. सामाईक बांधाला कुदळ लावायची तर दोन्ही घरांतला कर्ता माणूस तिथे हजर लागतो, आणि पहिला घाव दोघांनी एकाच कुदळीला हात लावून घालायचा असतो. आम्ही तर एकमेकांसमोर येणेही टाळत होतो. विहीर मात्र दोन्ही घरांची एकच होती, बांधावरची. एक दिवस त्याचा पंप चाले, एक दिवस माझा. आमच्यात तेवढाच व्यवहार उरला होता.

तीन वर्षांत पडदा उभा राहिला. खोल्या दिसेनाशा झाल्या. चौथ्या पावसाळ्यात रांगेपासून दहा पावलांवर, मोगऱ्याच्या वाफ्यात, बांबूचे कोंब वर आले. खणून पाहिले तेव्हा नर्सरीवाला खरे बोलत होता हे समजले.

मी उपाय केला. अडीच फूट खोल चर खणला. फुटलेली पाण्याची काळी टाकी उभी चिरली आणि तिचे जाड तुकडे चरात सांध्याला सांधा जुळवून उभे केले. वरची कड चार बोटे मातीबाहेर ठेवली, म्हणजे वरून ओलांडणारे मूळ डोळ्यांना दिसते. काम चांगले झाले, असे मी आजही म्हणेन. फक्त ते तीनच बाजूंनी झाले. चौथी बाजू बांधाची होती, आणि चर नीट घ्यायचा तर बांधाला कुदळ लावावी लागली असती.

"तीन बाजू बंद केल्यात. आता ते जाईल कुठे?" पत्नीने विचारले.

"बांध कठीण आहे," मी म्हणालो.

बांध वरून कठीण होता. खाली सगळी समुद्राकडची रेती.

पुढच्या वैशाखात, माझ्या पाण्याच्या दिवशी, मी विहिरीत डोकावलो. पाणी खाली गेले होते. आतल्या दगडांच्या फटीतून अंगठ्याएवढा जाड, फिकट कोंब बाहेर आला होता. शेजारचा एक दगड दोन बोटे पुढे सरकला होता. रेताड जमिनीतली विहीर केवळ दगडांच्या बांधणीवर उभी असते. दगड सुटले की मागची रेती आत येते आणि विहीर बुजते. आसपासच्या बोअरिंगना खारे पाणी लागले आहे. दोन्ही घरांना गोडे पाणी देणारी ही एकच विहीर होती.

मी कोणाला सांगितले नाही. लांब काठीला कोयता बांधून कोंब कापला. आठवड्याने त्याच जागी दोन आले. तेही कापले. तिसऱ्या वेळी पाण्याबरोबर रेती आली. पत्नीने पाणी फडक्यातून गाळले, रेती बशीत काढून माझ्यासमोर ठेवली आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांध ओलांडला. भाऊ एका खोलीपुढे झाडत होता. त्याने झाडू थांबवला नाही.

"काय दादा, वाट चुकलास?"

"विहिरीत बांबू शिरलाय. माझा."

"ठाऊक आहे. माझ्याही पाण्याला रेती येते."

"मग बोलला का नाहीस?"

"काठीला कोयता बांधून कापत होतास, ते बघत होतो. म्हटलं, बघू किती दिवस कापतोय." मग त्याने झाडू भिंतीला टेकवला. "मी दिसू नये म्हणून लावलास ना? त्यालाच मला भेटायची घाई झाली बघ."

मला हसू आले नाही. "चूक माझी आहे," मी म्हणालो. "बांध खणावा लागेल. तू येऊन उभा राहा."

"उभा राहू? आणि ह्या वयात तू एकटा खणणार? पहार घेऊन ये. आणि डोक्यावर काहीतरी घाल, ऊन आहे."

पहिला घाव रीतीप्रमाणे घातला. कुदळीच्या दांड्यावर त्याचा हात माझ्या हाताच्या वर आला. त्याच्या बोटांचे सांधे सुजले होते. ते कधीपासून, हे मला माहीत नव्हते.

सहा दिवस खणले. बांधाखाली मुळे दोरखंडासारखी पसरली होती, दोन-दोन बोटांवर गाठ, आणि गाठीगाठीला डोळा. "एवढे पाहुणे माझ्याकडे कधी उतरले नाहीत," भाऊ म्हणाला. गवंड्याने विहिरीची एक बाजू उतरवून पुन्हा बांधली. ते काम संपेपर्यंत दोन्ही घरांत टँकरचे पाणी आले. त्याच्या खोल्या सबंध सुट्टीत बंद राहिल्या.

चौथी बाजूही बंद करून बांबू ठेवावा, असे त्याचे मत होते. पाहुणे बांबूपुढे फोटो काढतात म्हणे. मी ऐकले नाही. सगळी रांग मुळासकट काढली. आता ओट्यावरून त्याच्या खोल्या दिसतात, आणि त्याला माझा ओटा.

गवंडी जाताना सांगून गेला की दगडांमागे तुटक्या मुळाचा एखादा तुकडा राहिला असेल. दोन पावसाळे लक्ष ठेवा. तो जगला तर बांधलेली बाजू पुन्हा सुटेल, आणि मग ती विहीर वाचायची नाही.

म्हणून दर पंधरा दिवसांनी, ऊन असेल त्या दुपारी, भाऊ घरातला आरसा घेऊन बांधावर येतो. काठाशी उभा राहून तो उन्हाची तिरीप विहिरीत सोडतो आणि दगडांच्या एकेका थरावरून सावकाश फिरवतो. त्याची नजर आता अधू झाली आहे. म्हणून पाहायचे काम माझे.

"काही नाही," मी सांगतो.

"नीट बघ, दादा."

तो आरसा पुन्हा वरच्या थरावर आणतो. मी पुन्हा पाहतो.