उकडीचा बांगडा

हळदीच्या पानांचा वाफाळलेला वास घरभर पसरला की मला ती गणेशचतुर्थीची सकाळ आठवते. नवरा बोटीवर होता. आम्ही बायका मोदक वळत होतो, आणि पाच वर्षांच्या लेकीने लुडबुड करू नये म्हणून मी तिला उकडीचा एक गोळा दिला होता. तिने त्याचा बांगडा केला. डोळ्याला मिरी, पाठीवर काडीने ओढलेले पट्टे, अगदी हुबेहूब. शेजारीण म्हणाली, "गणपतीला बांगडा दाखवतेस काय गो?" "गणपतीला नाय, बाबांना," लेक म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या आणि मला मेलीला त्याचीच लाज वाटली. मी तो बांगडा तिच्यादेखत मुठीत चिरडला, मिरी काढून फेकली, त्याच उकडीचा मोदक वळला आणि जेवताना तिच्या पानात वाढला. "हा खा. याला मोदक म्हणतात." तिने तो न रडता संपवला. यंदा ती तिच्या मुलीला घेऊन आली होती. नातीने उकडीकडे हात नेला, तसा लेकीने तो हळूच मागे घेतला. "इथे नको, बाळा. आपण आपल्या घरी करू."