दत्तूआण्णाला मरायचं होतं

नाटकमंडळीत चार वर्षं काढली की किस्से असे साठतात की बोलायला बसलं तर चहा गार होतो. त्यात आमचं मंडळ उमरग्याजवळच्या गावातलं आणि काळ निजामाच्या राजवटीचा! मी प्रॉम्प्टर. म्हणजे पडद्यामागं बसून सगळ्यांची अक्कल मोजणारा माणूस.

या किश्श्याचे हिरो दत्तूआण्णा, धंद्यानं शिंपी. मोठा सज्जन माणूस, पण चेहरा असा की स्टेजवर आले की लोक हसायलाच लागायचे. जन्मभर विदूषकच केला बिचाऱ्यानं. एकदा मला म्हणाले, "लोकांना लई हसिवलं रं. एकदा तरी माझ्यासाठी रडावं की कुणी!"

म्हणून जत्रेला एक जुनं विलायती शोकांत नाटक मराठीत करून बसवलं. शेवटी सख्खा भाऊ राजाला खंजीर मारतो. राजा अर्थात दत्तूआण्णा.

*

रिहर्सल आण्णांच्या दुकानातच. आण्णा मशीनशेजारी मरून पडलेले, तेवढ्यात एक म्हातारी आत आली. खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "आण्णा, मेलास तर मर, पर माझी चोळी कुणापाशी दिऊन गेलास?"

मेलेल्या राजानं हात वर करून खुंटी दाखवली!

*

नाटकाला तेव्हा सरकारी परवानगी लागायची. तहसीलदारसाहेबांनी गोष्ट शांतपणे ऐकून घेतली.

"ये बादशाह आखिर में मरता क्या?"

"जी हुजूर," आण्णा म्हणाले.

"किसकी इजाजत से?"

आण्णांनी हात जोडले. साहेबच म्हणाले, "हमारे इलाके में बादशाह नहीं मरते. मारना है तो किसी छोटे आदमी को मारो!"

*

झालं! राजाचा पाटील केला. मुकुट काढला, फेटा बांधला. ही बातमी आमच्या पाटलांना कळली. ते तडक दुकानात आले.

"का रं दत्तू, गावात दुसरं कुणी न्हाय व्हय मरायला?"

मग पाटलाचा व्यापारी केला. त्यावर शेटजी भडकले. जत्रेच्या नाटकाला पेट्रोमॅक्स त्यांचीच असायची.

"अय्यो शिवा! माझ्याच बत्तीच्या उजेडात मीच मरू?"

बत्ती नाही तर नाटक नाही. आण्णा मशीनवर डोकं टेकून बसले. इतका रडवेला माणूस मी बघितला नव्हता, आणि मेला तो चेहरा, मला हसूच आलं! मग डोकं वर करून आण्णाच म्हणाले, "माझ्यापेक्षा छोटा माणूस गावात कोण हाय? दत्तू शिंपीच मरंल. त्याला कुणाची हरकत असणार?"

हे बायकोला, म्हणजे पारूवहिनींना, सांगायचं मात्र राहून गेलं.

*

जत्रेत नाटक उभं राहिलं. आण्णा आले, लोक हसले. आण्णा बोलले, लोक आणखी हसले. शेवटी भावानं खंजीर मारला. "मी दत्तू शिंपी, चाललो," असं म्हणून आण्णा कोसळले. लोक पोट धरून हसतायत, मला वाटलं, संपलं बिचाऱ्याचं.

तेवढ्यात बायकांतून पारूवहिनी उठल्या. नाटक त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं.

"अवो, उठा की! सकाळपास्नं उपाशी हाव तुमी! भाकरी झाकून ठिवलीया मी!"

आणि त्यांनी असा हंबरडा फोडला की शेजारच्या बाया रडायला लागल्या. मग गडी रडायला लागले. खंजीर मारणारा भाऊ खंजीर टाकून रडायला लागला. पडदा ओढणारेही रडत होते, त्यामुळं पडदा काही पडेना.

आण्णांनी माझ्याकडचा एक डोळा उघडला.

"रडत्यात का रं?"

"व्हय आण्णा. आता उठा, वहिनी बघा कशा—"

"पाटील बी?"

"पाटील बी रडायलेत!"

"मग जरा थांब," म्हणाले, आणि डोळा मिटून घेतला.

*

आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे जेवण आणून देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आण्णांकडं गेलो, तर ओसरीवर पिठलं-भाकरीच्या टोपल्या! पाटील मान खाली घालून बसलेले. शेटजी डोळे पुसतायत. वहिनी आत मुसमुसतायत. आणि दाराशी खुद्द आण्णा, आल्यागेल्याला पाणी देतायत.

इतक्यात शेजारच्या गावचे एक म्हातारे मामा आले. नाटक त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं वो?"

आण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. "मीच की वो, मामा."

मामा उसासा टाकून शेजारी टेकले. आण्णांच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाले, "चालायचंच. मागं कोण कोण हाय?"

"बायको हाय," आण्णा म्हणाले, "आन मी हाय."