तोंडी सांगितलेला रस्ता

ठरवायचं काम माझ्याकडे असतं. कुठे जायचं, कुठे उतरायचं, किती वाजता निघायचं, खायला कोणी काय आणायचं, सगळं. मी शाळेत शिकवते. वर्षानुवर्षं पोरांना रांगेत उभं करत आलेय, त्यामुळे घरीदारी तीच सवय. नवरा म्हणतो, तुला फिरायचं नसतं, तुला हजेरी घ्यायची असते. म्हणू दे. त्याच्यावर सोडलं असतं तर आम्ही आजवर गावाबाहेरच्या राऊच्या पुढे गेलो नसतो. गाडी तो झकास चालवतो, पण रस्ता त्याच्या डोक्यात टिकत नाही. छत्रीबागेत त्याच्या सख्ख्या आत्याचं घर आहे आणि अजून दर वेळी तो एक गल्ली आधी वळतो.

आम्ही दोन कुटुंबं. एक आमचं: मी, नवरा आणि दहावीतली मुलगी. दुसरं माझ्या मैत्रिणीचं: ती, तिचा नवरा आणि बारावीतला मुलगा. मैत्रीण आणि मी कॉलेजात एका बाकावर बसायचो, तेव्हापासूनची. तिचं सासर महूचं. आजेसासरे तिथल्या पलटणीत होते, आणि त्या घरात अजूनही जेवणसुद्धा घड्याळावर चालतं. तिच्या नवऱ्याला मी भावजी म्हणते. भावजी सरकारी खात्यात सर्व्हेअर. माळव्यातला आणि निमाडातला एकेक रस्ता, एकेक पूल त्यांनी पायी मोजलेला. मुलं कडेवर होती तेव्हापासून जोडून सुट्टी आली की आम्ही सहाजण बाहेर पडतो.

या वर्षी सव्वीस जानेवारी सोमवारी आली, म्हणजे सलग तीन दिवस मोकळे. एरवी मी डिसेंबरातच कागद-पेन घेऊन बसले असते. या वेळी बसवेना. भावजींची नजर जात होती.

हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी तोंडानं काढत नव्हतं. समोरचं त्यांना अजून नीट दिसतं, पेपर वाचतात. पण कडेचं आणि पायाखालचं दिसत नाही, आणि अंधार पडला की काहीच नाही. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की हे हळूहळू वाढत जाणार, थांबवता येणार नाही. भावजींनी ते ऐकून घेतलं, घरी आले आणि त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. दसऱ्याच्या सुमारास राऊच्या चौकात त्यांची गाडी दुभाजकावर चढली. कोणाला लागलं नाही. पण घरी आल्यावर मुलानं किल्ली काढून घेतली आणि म्हणाला, आता बस, पप्पा. वय वर्षं सतरा. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. जेवायला बसले तरी मीठ मैत्रिणीमार्फत मागायचे.

तर मी काय केलं? मला वाटलं, आपण या माणसाला सांभाळून नेऊ. गाजावाजा नको. राऊच्या बाजूला एक फार्महाऊस शोधलं. सगळं जमिनीलगत, पुढे हिरवळ, एक पायरी म्हणून नाही. भावजींना थाप मारली की मुलांच्या परीक्षा तोंडावर आहेत, तीच जवळ कुठेतरी म्हणतायत. आणि फार्महाऊसच्या मालकाला बाजूला घेऊन सांगितलं की आमच्यातल्या एकांना कमी दिसतं, खालची खोली द्या, बाथरूमला रात्रभर दिवा ठेवा. स्वतःवर इतकी खूश झाले मी. वाटलं, काय नाजूकपणे जमवलंय.

आणि तिथेच माती खाल्ली. आमचा एक जुना नियम आहे. बुकिंगला नेहमी दोन नंबर द्यायचे, एक आमच्या घरचा, एक त्यांच्या. ओंकारेश्वरला एकदा माझा फोन पाण्यात पडला आणि आमचा कोणालाच पत्ता लागेना, तेव्हापासूनचा. त्यांच्या घरचा नंबर म्हणजे कायम भावजींचा. माझ्या हातानं तो सवयीनं लिहिला गेला. डोकं ठिकाणावर असतं तर ना.

मंगळवारी मालकानं फोन केला तो भावजींना. माणूस वाईट नव्हता, उलट अगत्यानंच बोलला. म्हणाला, "साहब, आपके साथ जो वो अंधे वाले भाईसाहब आ रहे हैं ना, उनके लिए नीचे का कमरा रख दिया है."

भावजींनी त्याला धन्यवाद दिले, फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं की तुम्ही सगळे जाऊन या, मला ऑफिसचं काम आहे. सव्वीस जानेवारीला ऑफिसचं काम. मैत्रिणीनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसऱ्याला बोलायला माझी जीभ किती सटासट चालते हे माझ्या वर्गातल्या पोरांना विचारा. त्या दिवशी पुढच्या तासाला मी त्यांना नुसतं शुद्धलेखन घातलं.

मैत्रीण रागावली नाही, हे त्याहून वाईट. एवढंच म्हणाली की हे आता आले नाहीत तर पुन्हा कधीच येणार नाहीत. आधी सहल सुटेल, मग लग्नकार्यं, मग संध्याकाळचं फिरणं. एकदा घरात बसले की बसले. ती बरोबर बोलत होती. माझ्या वडिलांना ऐकू कमी यायला लागलं तेव्हा तेही असेच एका खुर्चीत गेले आणि आम्ही त्यांना बाहेर काढू शकलो नाही. म्हणून मला झोप लागेना. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन माफी मागायचा प्रयत्न केला. भावजी दोन्ही वेळा हसले, चहा पाजला, आणि क्रिकेटवर बोलत राहिले. बुकिंग मी रद्द केलं.

आमचं सहलीचं शेवटचं ठरवणं नेहमी आधीच्या रविवारी सकाळी त्यांच्या घरी होतं, पोह्यांवर. मला वाटलं या वेळी कोणी बोलावणार नाही. पण शनिवारी माझ्या मुलीनं सांगितलं की उद्या जायचंय, या वेळी प्लॅन आम्ही दोघांनी केलाय. दोघांनी म्हणजे तिनं आणि मैत्रिणीच्या मुलानं. मी म्हटलं, तुम्ही? स्वतःचा टॉवेल जागेवर ठेवता येत नाही तुम्हाला. ती म्हणाली, आई, तू फक्त एक कर, उद्या मध्ये बोलू नकोस. मला राग आला. पण मी केलेल्या घोळानंतर रागवायला तोंड कुठे होतं?

रविवारी सगळे बसलो. भावजी आपल्या नेहमीच्या जागी, हातात पेपर. पोहे झाले. मग मुलीनं टेबलावर मागून कोरा असलेला मोठा कागद पसरला आणि सांगितलं की आपण महेश्वरला जातोय, जाम घाटातून. महेश्वर म्हणजे किल्ला, उतार, नदीचा घाट, पायऱ्याच पायऱ्या. ज्या माणसाला पायाखालचं दिसत नाही त्याला कुठे नेतायत ही कार्टी? मी तोंड उघडलं, मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मी मिटलं.

मग ती भावजींकडे वळली.

"काका, घाटात फोनचं नेटवर्क जातं, मॅप चालत नाही. पप्पा चुकणार म्हणजे चुकणार. तुम्ही पुढे बसून रस्ता सांगाल का?"

माझा नवरा लगेच भावजींना म्हणाला, भिया, ही खरं बोलतेय, मी चुकणारच. भावजींनी पेपर खाली ठेवला नाही. मी तर येत नाहीये, म्हणाले. मुलगी म्हणाली, मग निदान आत्ता सांगा, आम्ही लिहून घेतो. तिच्या शेजारी मैत्रिणीचा मुलगा पेन्सिल घेऊन बसला होता, मान खाली घालून. बापाकडे बघत नव्हता.

मग भावजींनी पेपरची घडी केली, डोळे मिटले आणि सुरू केलं.

सर्व्हे काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. महू सोडेपर्यंत त्यांनी काही विशेष सांगितलं नाही, ते म्हणे कोणालाही जमतं. महूच्या पुढे मात्र एकेक गोष्ट यायला लागली. बडगोंद्याच्या अलीकडे रस्ता डावीकडे कलतो, तिथे वेग कमी करायचा. मग एक छोटा पूल, त्याचा कठडा एकाच बाजूला आहे. घाटमाथ्यावर जामचा दरवाजा आला की सगळे थांबतात, फोटो काढतात, आपणही थांबायचं, पण गाडी वळणावर लावायची नाही, पुढे कडुलिंबाखाली लावायची. घाटाचं पहिलं वळण सोपं वाटतं आणि दुसरं फसवतं, कारण ते उतरता उतरता घट्ट होत जातं. कुठल्या वळणाला समोरची गाडी दिसत नाही, कुठे हॉर्न द्यायचा, कुठे पावसात दगड येतात आणि जानेवारीत येत नाहीत. घाट अर्धा उतरला की थंडी अचानक ओसरते, तेव्हा काचा खाली करायच्या, निमाडची हवा लागते. हे सांगताना त्यांनी स्वतःची मान किंचित वर केली. त्या खोलीत बसून त्यांना ती हवा लागत होती.

पोह्यांच्या प्लेट तशाच. इतका मोठा मुलूख या माणसानं आत ठेवलाय, वळणावळणानं, झाडाझाडानं, आणि मी त्याच्यासाठी एक पायरी नसलेलं फार्महाऊस शोधत फिरत होते. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी असंही वाटलं की हे थांबू नये. मोठ्या देवळात गेल्यावर आपण आपोआप हळू बोलतो, तसं झालं होतं आमचं. मुलगा झपाट्यानं लिहीत होता. मध्ये एकदाच तो बोलला, मंडलेश्वरच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललंय, गाडी वळवून घेतात. भावजी डोळे न उघडता म्हणाले, कुठून? त्यानं सांगितलं. भावजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, हं, म्हणजे जुन्या विहिरीवरून. बरोबर. बाप आणि मुलगा तीन महिन्यांनी एकमेकांशी बोलले होते, आणि त्या दोघांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मैत्रीण उठून स्वयंपाकघरात गेली. मी गेले नाही, मला पुढचं ऐकायचं होतं.

मंडलेश्वर झालं. महेश्वर आलं. गाडी कुठे लावायची ते झालं. बाजारातून किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत ते चालत गेले, डाव्या हाताला लुगड्यांची दुकानं, हातमागांचा आवाज, दरवाज्यातला चढ, आतलं अंगण. मग घाटाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी ते आले आणि थांबले. डोळे उघडले. समोर आम्ही होतो, पण ते आमच्याकडे बघत नव्हते.

"इथून पुढे मला दिसत नाही," ते म्हणाले.

घाटाचं बोलत होते की स्वतःच्या डोळ्यांचं, हे विचारायची गरज नव्हती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं होतं. मैत्रीण दारात उभी होती, हातात ओला चमचा.

मुलानं पेन्सिल खाली ठेवली.

"इथून पुढे मी सांगतो, पप्पा."

तो गुरुवारी महेश्वरला जाऊन आला होता. एकटा, बसनं, कोचिंग बुडवून. हे फक्त माझ्या मुलीला माहीत होतं, तिनं आम्हा सगळ्यांना लायब्ररीची थाप मारून ठेवली होती. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पोरगा सांगत होता आणि मी तोंडात बोट घालून ऐकत होते. वरच्या दरवाज्यातून बाहेर पडलं की पहिल्या आठ पायऱ्या रुंद आहेत, तिथे दोन पावलं टाकून उतरायचं. मग सपाट. मग उतार वळतो, तिथून पायऱ्या अरुंद होतात. तो दिवसभर तिथे वर-खाली करत होता. डोळे मिटूनही दोनदा उतरून पाहिलं होतं, एकदा गुडघा फुटला, तेही सांगितलं. भावजींनी खुर्ची पुढे ओढली. ऑफिसात हाताखालच्या माणसाला विचारावं तसे ते प्रश्न विचारायला लागले.

पायरीची उंची किती? एक वीत आणि वर दोन बोटं. सगळ्या सारख्या? नाही, वळणानंतरची तिसरी झिजलीय, पाय सरकतो. शेवाळ? खालच्या चारांवर आहे, तिथे जायचं नाही, आधीच बसायचं. ऊन कुठून येतं? चारनंतर समोरून, डोळ्यांवर येतं, म्हणून साडेतीनला उतरून पाचला वर यायचं, अंधार पडायच्या आत. भावजी प्रत्येक उत्तरावर डोळे मिटत होते, थोडं थांबत होते, मग पुढचा प्रश्न. मुलगा न अडखळता सांगत होता. त्याचा आवाज अगदी बापाचा होता. हे इतकी वर्षं माझ्या कसं लक्षात आलं नाही, देव जाणे.

शेवटी भावजींनी विचारलं, "आणि धरायला काय आहे?"

"उजवीकडे भिंत आहे," मुलगा म्हणाला. "डावीकडे मी."

भावजींनी डोळे मिटले. या वेळी बराच वेळ मिटून ठेवले. मग म्हणाले, "मग मी येतो."